‘उच्च घनता उंची’ : हवा दाट की विरळ?

प्रश्न असा आहे : विमानोड्डाणावरच्या एका मराठी लेखात ‘उच्च घनता उंचीमुळे विमानाला जास्त लांब धावपट्टी लागते’ असं वाक्य आलं. घनता जास्त म्हणजे हवा दाट. मग पंखांना उचल जास्त मिळायला हवी. चुकलंय काय, विज्ञान की वाक्य?

विज्ञान ठीक आहे, घात वाक्याने केलाय. ‘उच्च’ हे विशेषण ‘उंची’चं. मराठीत ते शेजारच्या ‘घनते’ला जाऊन चिकटतं आणि अर्थ पार उलटा होतो. मूळ संज्ञा ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’. वैमानिकांच्या हिशेबात एक प्रमाण वातावरण असतं : समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियस, पुढे दर हजार फुटांना साधारण २ अंशांची उतरण. धावपट्टीवरची आत्ताची हवा जितकी विरळ, तितकी विरळ हवा या प्रमाण वातावरणात किती फुटांवर सापडेल, तो आकडा म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड.

समजा विमानतळ २,००० फुटांवर आहे आणि हवेचा दाब प्रमाणाइतकाच आहे. तिथलं प्रमाण तापमान ११ अंश, पण दुपारी पारा ४१वर. दर जादा अंशाला उंचीत सुमारे १२० फूट मिळवायचे हा वैमानिकांचा ठोकताळा. ३० अंशांचे झाले ३,६००. म्हणजे चाकं २,००० फुटांवर, पण पंख आणि इंजिन यांच्या लेखी विमान ५,६०० फुटांवर! इंजिनाला प्राणवायू कमी, प्रोपेलरला ढकलायला हवा कमी, आणि तेवढीच उचल मिळवायला खरा वेग जास्त हवा. गंमत म्हणजे वेगदर्शकाचा काटा उड्डाणाच्या क्षणी नेहमीचाच आकडा दाखवतो, कारण तोही त्याच विरळ हवेच्या दाबावर चालतो. धाव लांबते, चढण मंदावते. बोलिव्हियातला एल आल्तो विमानतळ ४,००० मीटरहून उंचावर आहे. तिथली धावपट्टी ४ किलोमीटर लांब आहे ती उगीच नव्हे.

दमट हवेबद्दलही भाषा फसवते. कोंदट दिवसाला आपण ‘हवा जड झालीय’ म्हणतो, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी. दमटपणाने हवा थोडी विरळच होते. उष्णतेच्या मानाने परिणाम लहान, इतकंच.

मग शब्द कोणता घ्यावा? संधी करून ‘घनतोंची’ करायचा मोह कुणाला होऊ नये. ‘उंची’ तत्सम नाही, आणि शब्द कानालाही टोचतो. ‘घनता-उंची’ कोष्टकाच्या मथळ्यात चालेल, मात्र मधली रेघ सोडू नये. वाक्यात मी ‘घनतेनुसार उंची’ लिहीन : ‘घनतेनुसार उंची वाढली की धाव लांबते’. ‘नुसार’ आला की ‘वाढली’ कुणाला लावायचं हा घोळ उरत नाही. सर्वसामान्य वाचकासाठी लिहिताना तर ‘हवा विरळ असल्याने’ पुरे; ‘विरळ’सारखा घरचा शब्द असताना संज्ञा कशाला?

वजन, समोरचा किंवा पाठचा वारा, धावपट्टीचा चढ, तिच्यावर साचलेलं पाणी या बाकीच्या घटकांची नावं सरळ आहेत, तिथे अडायला होत नाही. फक्त त्या सगळ्यांवर ठरणाऱ्या ‘परफॉर्मन्स’ला ‘कार्यक्षमता’ म्हणू नये. कार्यक्षमता म्हणजे किती इंधनात किती काम; इथे विचारलंय ते विमान किती धावून उठेल आणि किती वेगाने चढेल. त्याला ‘कामगिरी’ म्हणावं.