सोसायटीचं काम सोडून देऊ का?

‘लोकांसाठी एवढं करते आणि वर बोलणीही मीच खाते. सोडून देऊ का सगळं?’ सोसायटीच्या किंवा मंडळाच्या कामात पडलेली माणसं समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न हमखास असतो. त्यातलंच हे एक उदाहरण, ओळख पटू नये इतके तपशील बदलून.

डोंबिवलीतली जुनी सोसायटी, तीन विंगा. या बाई पन्नाशीच्या, नोकरी करणाऱ्या, सोसायटीच्या सेक्रेटरी. रात्री दोनला जाग येते, छातीत धडधडतं आणि हात आपोआप मोबाइलकडे जातो. ‘ग्रुपवर कोणी काही लिहिलं तर नाही ना?’ घरी नवऱ्याशी रोजची कुरबुर.

आधी शरीर तपासून घ्यायला सांगितलं: हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब. या वयात धडधड आणि झोपमोड रजोनिवृत्तीमुळेही होते. ते न तपासता सगळं खापर मनावर फोडू नये. औषधाने भागेल एवढं डॉक्टरांनी पाहिलं, उरलेल्यासाठी वही घातली. दोन आठवडे, चार रकाने: वेळ, कोण आलं, काय काम, आणि हे सेक्रेटरीचं काम होतं का.

वही भरल्यावर चित्र स्पष्ट झालं. पावत्या, लिफ्टचा करार, ना-हरकत दाखले ही खरी कामं आठवड्याला चारेक तासांची. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिसला नेणं हे शेजारधर्माचं, आणि त्यात त्यांना मनापासून समाधान होतं. उरलेला सगळा वेळ भांडणं मिटवण्यात जात होता. पार्किंग, चपलांचे स्टँड आणि गळती. वरच्यांच्या बाथरूममधून खाली पाणी उतरतं, खालचे बाईंच्या दारात. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या बाथरूमचा खर्च त्या सभासदाचा. हे त्यांना पाठ होतं, तरी ‘वहिनी, तुम्हीच सांगा हो त्यांना’ म्हटलं की त्या वर जायच्या.

का जायच्या? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, म्हणजे मनातल्या हट्टी समजुती तपासून बदलण्याच्या पद्धतीत, हा प्रश्न नेमका धरता येतो. ‘कोणी नाराज होता कामा नये, झालं तर मी कमी पडले’ हा हट्ट त्यांच्या मनात पक्का बसला होता. नाराजी नकोशी वाटते हे ठीक. पण ती सहन होणारच नाही, हे खरं नाही.

मग एकच वाक्य ठरवलं: ‘लेखी द्या, गुरुवारी आठ ते नऊ ऑफिसात बघते.’ बोलायला सोपं, पण सत्रात सराव करताना त्यांनी पहिल्याच झटक्याला जोडलं, ‘सॉरी काका, आज जरा बरं नाहीये.’ समुपदेशक काकांच्या भूमिकेत होते, त्यांनी लगेच उत्तर दिलं, ‘मग उद्या सकाळी येतो.’ कारण दिलं की समोरचा कारणावर तोडगा काढतो, म्हणून कारण द्यायचं नाही. सुरात मात्र गोडवा हवा. दहा-बारा वेळा म्हटल्यावर वाक्य सहज येऊ लागलं.

सूचनाफलकावर वेळ लावली. तातडीचं म्हणजे काय तेही लिहिलं: आग, लिफ्टमध्ये अडकलेलं माणूस, पाणी बंद, आजारपण. वॉचमनच्या टेबलावर लिफ्ट कंपनी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांचे नंबर, म्हणजे फोन करायला सेक्रेटरी लागत नाही. रात्री दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला.

तिसऱ्या आठवड्यात घसरण झाली. एकाने पार्किंगवरून आवाज चढवला आणि बाई रात्री अकराला खाली गेल्या. पुढच्या दोन दिवसांत फोन वाढले. हे होतंच. कधी नाही आणि कधी हो मिळालं की माणूस जास्त चिकाटीने मागतो. रडल्यावर अधूनमधून चॉकलेट मिळणारं मूल जास्त रडतं तसं. त्यामुळे पहिला महिना नियम सैल करायचा नाही. ‘सेक्रेटरी झाल्यापासून भाव खातात’ हेही ऐकावं लागेल, याची मनाची तयारी आधीच करून घेतली होती. आजींची डायलिसिसची फेरी तशीच चालू ठेवली, तीच त्यांची ताकद होती.

सोडायचं की नाही हा निर्णय मुद्दाम पुढे ढकलला. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि गणपतीही बहुधा त्याच सुमारास येतात. हिशेब, वर्गणी, महाप्रसाद सगळं एकदम अंगावर पडतं. त्या दिवसांत, झोप नसताना घेतलेला निर्णय थकव्याचा असतो. वर्गणीला दोघांनी मिळून जावं, पावती दारातच फाडावी, त्या रात्रीच बेरीज जुळवून दोघांनी सही करावी. निम्मे संशय तिथेच संपतात.

झोपमोड आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही बोला, मराठीतही बोलता येतं.

बाईंनी सभेनंतर पद ठेवलं, पत्रव्यवहार जॉइंट सेक्रेटरीकडे दिला. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. सोडायचंच ठरलं तर राजीनामा लेखी द्या, दप्तराची यादी करून दोघांच्या सह्या घ्या आणि फलकावर नव्या माणसाचा नंबर लावून घ्या. नाहीतर पद गेलं तरी फोन तुमच्याकडेच येत राहतील.