खुनी कोण ते आधीच सांग

तुझ्या मालिकेचा पायलट, म्हणजे पहिला भाग, मी बोरिवली ते अंधेरी लोकलमध्ये उभ्यानं वाचून काढला. अंधारा जिना, सुरा, सावली सगळं आहे, पण भीती वाटत नाही. तू खुनी कोण ते लपवतेयस ना, तिथं फसलंय. सांगून टाक. आपल्याला ठाऊक आणि घरच्यांना पत्ता नाही, मग सासूबाई जावयाला आमटी वाढतात तेव्हासुद्धा पोटात गोळा येतो. माझ्या एका भागात नवरा मध्यरात्री शर्ट धुतोय. बायको झोपेतच म्हणते, "गरम पाणी नको, डाग बसतो." एवढंच. तिथं ढोल वाजवू नका म्हणून मी भांडले होते. (हरले, ते सोड.)

तपासाचं मात्र नीट वाचून ये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे आजच्या खुनाला कलम ३०२ नाही, १०३. अटक झाली की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत आरोपी मॅजिस्ट्रेटसमोर हवा. हे घड्याळ आयतं मिळालंय, वापर की! आणि कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा रिपोर्ट पुढच्याच सीनला हातात देऊ नकोस.

कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगळी श्रेयं; करारात वेगळीच लिहून घे. एका निर्मात्याला मी कथा नुसती ऐकवली होती, सहा महिन्यांनी ती दुसऱ्याच्या नावावर दिसली. तेव्हापासून आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी, मग चहा.

तो वेडा खुनी काढ. वेड हे कारण नव्हे, लेखकाचा आळस आहे. दुसरा ड्राफ्ट शुक्रवारी पाठव.