एमएसडब्ल्यूनंतर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात गेलं, तर दिवसभर समुपदेशनच करायचं असतं का?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, जिल्हा रुग्णालयाची या कार्यक्रमातल्या सामाजिक कार्यकर्त्याच्या कंत्राटी जागेची जाहिरात पाहिलीय आणि 'शांतपणे बसून लोकांशी बोलायचं काम असेल तर आवडेल'. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात नऊ वर्षं हेच करतोय. बोलावं भरपूर लागतं, पण बसून कमी. आणि ज्याच्याशी बोलायचं तो बरेचदा पेशंट नसतोच. त्याची आई असते, थोरला भाऊ असतो, नाहीतर तलाठी.

एक घर सांगतो, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. चोविशीतला मुलगा, स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार. सहा महिने दर महिन्याला ओपीडीला आला, चांगला सुधारला, मग दोन महिने पत्ता नाही. रजिस्टरमध्ये अशा नावापुढे आम्ही लाल खूण करतो आणि माझं खरं काम तिथून सुरू होतं. घरी गेलो तर गोळ्या फडताळात तशाच पडलेल्या. आईनं पाकिटांना दोरे बांधून ठेवले होते, सकाळच्याला लाल आणि रात्रीच्याला काळा, कारण तिला वाचता येत नाही. म्हणजे बाई हलगर्जी मुळीच नव्हती. मग गोळ्या बंद का केल्या? "सर, पोरगं लाकडासारखं झालं. चहाची बशी धरली की निम्मा चहा अंगावर." हात थरथरणं, अंग ताठणं हे त्या औषधांचे दुष्परिणाम. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, थरथरीवर वेगळी गोळीही असते. पण ओपीडीत मागे रांग लागलेली असते. डॉक्टर विचारतात, "बरा आहे ना?" आई म्हणते, "बरा आहे." बशीची गोष्ट निघाली ती चुलीपाशी. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, पुढच्या भेटीत औषध बदललं, मुलगा पुन्हा यायला लागला. यात समुपदेशन म्हणाल तर पाचेक मिनिटं, तेही आईचं.

आता माझी चूक सांगतो, कारण ती कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. पहिल्या वर्षी मी कार्यक्रमाचं नाव रंगवलेली गाडी थेट एका घराच्या दारात नेऊन उभी केली. त्या मुलाच्या बहिणीची सोयरीक जमत आली होती. गावात बभ्रा झाला आणि पाहुण्यांनी नंतर निरोपही पाठवला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये पेशंटचा गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलाय. मी तो कलमासकट पाठ केलेला, आणि गाडीवरच्या अक्षरांनी तो मोडला. तेव्हापासून गाडी शाळेपाशी थांबते. आशाताईंबरोबर चालत जायचं, बरोबर बीपीचं मशीन ठेवायचं आणि वाटेतल्या तीन-चार घरांतही खरोखर बीपी तपासायचं.

देवऋषी-भगताचा प्रश्न तुम्हाला मुलाखतीत हमखास विचारतील. 'अंधश्रद्धा निर्मूलन करू' हे उत्तर कागदावर छान दिसतं. उंबऱ्यात उभं राहून तसं बोललात तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' नावाने उपक्रम चालतो. दर्ग्यात येणाऱ्यांना तिथंच मानसोपचारही मिळतात, दुआ सोडायला कोणी सांगत नाही. मीही अंगारा लावू नका असं म्हणत नाही, गोळी चुकवू नका म्हणतो. मारहाण किंवा साखळी दिसली की मात्र गोडीगुलाबी संपली. 2017 चा कायदा साखळीने बांधायला साफ मनाई करतो, आणि भूत उतरवायच्या नावाखाली मारणाऱ्यावर राज्याचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्ण ठेवलेल्या एका आश्रमाला 2001 मध्ये आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या लोकांना पळताच आलं नाही. 28 जण गेले.

आणि कागदपत्रं! कागदपत्रांना कंटाळणारा माणूस या कामात टिकत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त भरलं तर सवलतींचा रस्ता उघडतो. टक्केवारी काढायला 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, अशा चार बाबींचे गुण आणि आजार किती वर्षांचा त्याचे वेगळे. अडचण जितकी जास्त तितके गुण जास्त. गंमत बघा, प्रमाणपत्राच्या दिवशी आई मुलाला घासूनपुसून आंघोळ घालते, लग्नातला शर्ट घालते, भांग पाडून देते. साहेबांपुढे नीट दिसायला नको का! मग निगा राखण्यात गुण कमी आणि टक्केवारी घसरलेली. म्हणून मी घरभेटीचा अहवाल आधीच लिहून देतो: आंघोळ किती दिवसांनी, कोणी घातली, कपडे कोण बदलतं. त्या एका पानावर कधीकधी घराचं दरमहाचं अनुदान अडलेलं असतं. माझ्या मते सामाजिक कार्यकर्त्याची खरी परीक्षा या पानावर होते.

आपला हा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला. कर्नाटकातल्या बळ्ळारीत निम्हान्सने, म्हणजे बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, त्याआधी केलेला प्रयोग त्याच्या मुळाशी आहे. कल्पना साधी होती: उपचार मोठ्या इस्पितळात अडकून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत यावेत. आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. आमच्या भागातल्या माणसाला येरवडा गाठायचं तर दोघांची दोन दिवसांची मजुरी बुडते. गोळ्या जवळच्या केंद्रात मिळाल्या की निम्म्या लाल खुणा आपोआप पुसल्या जातात.

पदवीबद्दल एक गोष्ट जाहिरातीत ठळक नसते. 2017 च्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे 'मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता' म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूवर याच विषयातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल लागतं. ते निम्हान्सला, रांचीला, तेजपूरला होत आलंय, पण विद्यापीठ अनुदान आयोगाने या एमफिलला 2025-26 पर्यंतच्याच प्रवेशांची मुदत दिली होती, तेव्हा प्रवेश चालू आहेत का ते आधी विचारून घ्या. नुसत्या एमएसडब्ल्यूवर कंत्राटी जागा मिळतात, मलाही तशीच मिळाली. पण पुढे जायचं असेल तर हे आजच डोक्यात ठेवा. मी ठेवलं नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणतील. पगार जाहिरातीत दिलेलाच असतो. त्याऐवजी विचारा, गावात जायला गाडी आठवड्यातून किती दिवस मिळते? 'गाडी सध्या दुसऱ्या कामाला आहे' असं उत्तर आलं, तर तुम्हाला हवं असलेलं बसून करायचं काम तिथं भरपूर मिळेल.