मॉर्मन लोक पूर्वजांची वंशावळ इतकी का शोधतात?
मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला एक पंथ, त्यांच्या श्रद्धेप्रमाणे बाप्तिस्मा (पाण्यात बुडवून धर्मात घेण्याचा विधी) न होता वारलेल्या पूर्वजांनाही तो मिळवून देता येतो, म्हणून शोधतात, नुसती हौस नाहीये ती. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथने 1840 मध्ये ही शिकवण दिली, आधार बायबलमधल्या 1 करिंथ 15:29 चा. मंदिरात बारा बैलांच्या पुतळ्यांवर मोठं कुंड असतं, त्यात एखादा जिवंत सभासद पूर्वजाच्या नावाने बुडी घेतो, आणि नेमका माणूस कोण हे कळायला नाव, गाव, तारखा लागतात, मग जुनी रजिस्टरं, जनगणनेचे कागद सगळं धुंडाळतात. फॅमिलीसर्च ही वंशावळ शोधायची फ्री साइट त्यांच्या चर्चचीच आहे. फक्त एक, हा बाप्तिस्मा लादलेला नसतो, स्वीकारायचा की नाही हे त्या मृताच्या आत्म्याने ठरवायचं असं ते मानतात.