खरं सागवान ओळखायचं तर लाकडाचं टोक बघा, पाठ नाही

तुम्ही विचारलंय की चौकटीला सागवान घ्यायचंय, वखारवाला रंग अन् वास दाखवायलाय, तेवढ्यावर घ्यावं का. रंगावर तर अजिबात घेऊ नका. वासाचं म्हणाल तर ताज्या रंध्याखाली सागवानाला चामड्यासारखा वास येतो, हाताला तेलकट लागतं, पण जुन्या मालाचा वास उडून जातो अन् वरून तेलाचा हात मारला की कुठलंही लाकूड तेलकटच लागतंय.

नांदेडला ताईच्या बांधकामावर हेच झालं. दाजींनी एका वखारीतून किनवटचं सागवान म्हणून चौकटीचा माल उतरवून घेतला, सोनेरी तपकिरी रंग, वजन बरोबर, सुतारानं पण मान डोलावली, सगळे खूश. मी एक तुकडा घेतला, पटाशीला धार लावून त्याचं टोक, म्हणजे आडवा कापलेला भाग, ताजं तासलं, पाण्याचं बोट फिरवलं अन् दहा पटीच्या भिंगातून उन्हात बघितलं. वर्षाची वलयंच नाहीत! भोकं, म्हणजे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांची तोंडं, सगळीकडं सारखी विखुरलेली, प्रत्येक भोकाला दोन्ही अंगांनी फिक्या पेशींचे पंख फुटलेले, काही ठिकाणी ते पंख एकमेकांना मिळून नागमोडी पट्टे झालेले. सागवानात नवी वाढ सुरू होताना मोठी भोकं एका ओळीत येतात, नुसत्या डोळ्याला दिसतील एवढी, त्यांच्यासोबत फिक्या पेशींचा बारीक पट्टा, मग पुढं भोकं लहान अन् विरळ होत जातात आणि पुन्हा नवी मोठी ओळ. काही भोकांत पांढरट पूड, काहींत चकाकणारा पातळ पडदा. ही वलयं इतकी स्पष्ट असतात की पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या लोकांनी त्यावरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यास केलाय. आमचा माल बहुतेक आफ्रिकेतला इरोको होता, तो 'आफ्रिकन टीक' म्हणून सर्रास विकला जातो, पण सागवानाशी त्याचं काही नातं नाही, कुळच वेगळं.

दाजी म्हणाले, सुताराच्या नजरेपुढं तुझं भिंग काय सांगणार. मी म्हणलं बिल काढा. बिलावर सागवान हा शब्दच नव्हता, नुसतं 'इम्पोर्टेड लाकूड'. तरी माल परत केला नाही, कारण वखारवाला त्यांच्या ओळखीचा. इरोको टिकाऊ आहे हे मी पण मानतो, पण सागवानाचा भाव देऊन इरोको का घ्यायचं? सुताराच्या हाताला रंधा कसा चालतोय ते कळतं, मान्य, मी स्वतः सुताराच्या घरातला आहे, पण चौकटीला पॉलिश होऊन बसल्यावर तो हात काय करणार. टोक मात्र खोटं बोलत नाही, आधी टोक बघा मगच पैसे द्या. अन् बिलावर 'सागवान' लिहून घ्या, लिहायला तयार नसेल तर सरळ उठून या.

आता एक राहिलं. घाना वगैरे देशांत लागवड केलेलं खरं सागवान पण आपल्याकडं येतं, ते भिंगाखाली सागवानच दिसणार, कारण आहेच सागवान. किनवटचं का बाहेरचं ते भिंग सांगत नाही. लवकर वाढलेल्या कोवळ्या झाडाची गाभ्याजवळची वलयं कधी कधी पुसट असतात, म्हणून टोक जरा बाहेरच्या बाजूला तासा. आणि कोवळ्या मालात कडेचा पांढरा भाग जास्त असतो, सागवान असलं तरी तो भाग वाळवी खाते, तेवढा कापून काढून मगच घनफूट मोजायला सांगा.