येशूच्या शिष्यांना तो कोण आहे हे पहिल्यापासून माहीत होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की एवढे चमत्कार डोळ्यांसमोर बघूनही शिष्य पुन्हा पुन्हा घाबरतात, शंका घेतात, मग येशूची दैवी शक्ती त्यांना नेमकी कळली कधी? माझं मत सांगतो, एका दिवशी अशी कळलीच नाही, आणि पायऱ्या चढल्यासारखी पण नाही. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, तर कळलेलं सुद्धा ते परत विसरतात.

मी वसईचा, आजोबा मासेमारी करायचे, त्यामुळे मार्कचा चौथा अध्याय आमच्या घरी जरा वेगळाच वाचला जायचा. संध्याकाळची वेळ, होडी गालीलच्या सरोवरात. सरोवर म्हणजे लांबीला जेमतेम २१ किलोमीटर, पण समुद्रसपाटीच्या २०० मीटर खाली आणि कडेला डोंगर, त्यामुळे वारा अचानक खाली उतरतो. होडीत पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून गाढ झोपलाय. शिष्य त्याला उठवतात, गुरुजी आपण बुडतोय, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही! तो उठतो, वाऱ्याला दम देतो, समुद्राला गप्प करतो. तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो तोंड बांधून टाकण्याचा, पहिल्या अध्यायात भूत काढताना वापरलाय तोच.

आता आजोबांचं म्हणणं काय, तर वारा पडला म्हणून लाटा लगेच पडत नाहीत, होडी नंतरही बराच वेळ डुलत राहते. इथे दोन्ही एकदम थांबलं. पेत्र, आंद्रिया, याकोब, योहान हे चौघं त्याच पाण्यावर जाळी टाकून पोट भरणारे, त्यांच्या हे लक्षात आलं नसेल असं होणारच नाही. म्हणून तर वादळात घाबरलेले हे लोक वादळ थांबल्यावर जास्त घाबरतात, मार्कने अगदी तसंच लिहिलंय. हा आहे तरी कोण, वारा आणि समुद्र पण याचं ऐकतात? आणि हे शिष्य यहुदी, आणि यहुदी माणूस लहानपणापासून बायबलमधली स्तोत्रं म्हणत मोठा झालेला, १०७व्या स्तोत्रात वादळ शांत करतो तो देव. म्हणजे उत्तर त्यांना माहीत होतं, फक्त ते या समोर बसलेल्या, आत्ता झोपेतून उठलेल्या माणसाला लावायचं कसं?

पुढे ५ भाकरी २ मासे, ५००० पुरुष जेवले. त्याच रात्री तो पाण्यावरून चालत येतो, हे भूत समजून ओरडतात, आणि मार्क सरळ लिहितो की भाकरींचं त्यांना काही कळलंच नव्हतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र याच प्रसंगाच्या शेवटी ते पाया पडून तू खरोखर देवाचा पुत्र आहेस म्हणतात. एकच रात्र, दोन शेवट. मला स्वतःला मार्कचे शिष्य जास्त ओळखीचे वाटतात.

आठव्या अध्यायात तर कहरच. परत ४००० लोक जेवून झालेत आणि होडीत एकच भाकरी आहे म्हणून यांची कुरकुर चालू. येशू विचारतो, तेव्हा टोपल्या किती उरल्या होत्या? बारा. आणि नंतर? सात. आकडे अगदी बरोबर, शाळेतल्या पोरांसारखे पाठ, पण त्याचा अर्थ काय ते शून्य.

याच्या लगेच पुढे बेथसैदा गावचा आंधळा येतो, ही गोष्ट फक्त मार्कमध्ये आहे. येशूने हात ठेवल्यावर त्याला आधी अर्धवटच दिसतं, माणसं झाडांसारखी चालताना, मग परत हात ठेवावा लागतो. आणि त्याच्या पुढचाच प्रसंग, पेत्र म्हणतो तू ख्रिस्त आहेस, म्हणजे देवाने पाठवायचा म्हणून यहुदी ज्याची वाट बघत होते तो. बरोबर उत्तर! पण मला दुःख सोसावं लागेल, मारलं जाईल असं येशूने सांगितल्यावर हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन झापतो, म्हणजे त्यालाही झाडंच दिसत होती. शक्ती दिसली होती, शक्तीवाला स्वतःहून मरायला जाईल हे डोक्यात बसत नव्हतं.

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटी थोमा नावाचा शिष्य येशूला माझा प्रभू, माझा देव म्हणतो, ते आहेच. पण मार्कमध्ये क्रुसासमोर हा देवाचा पुत्र होता असं म्हणणारा माणूस शिष्य नाही, रोमन शताधिपती, म्हणजे शंभर सैनिकांचा अधिकारी आहे. आणि सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत मार्क संपतो तो रिकाम्या कबरीपासून पळणाऱ्या बायकांवर, त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या घाबरल्या होत्या.