मरळीचं सूप आणि सिझेरियनचे टाके

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी मी नागपूरहून क्वालालंपूरला आले आहे. सिझेरियन होऊन सहा दिवस झाले. शेजारची मलय बाई रोज 'हारुआन' माशाचं सूप आणून देते, त्याने टाके लवकर भरतात म्हणते. त्याच माशाच्या तेलाची बाटलीही तिने दिली आहे, टाक्यांवर लावायला. आपल्याकडे तर ओल्या जखमेत मासे खाल्ले की पू होतो म्हणतात. मी काय करू?
— एक आजी

उत्तर : आजी, सूप खुशाल पाजा. लेकीला माशाची ॲलर्जी नसेल आणि काटे नीट काढलेले असतील, तर माझी काहीच हरकत नाही.

हारुआन म्हणजे आपली मरळच. मी भंडाऱ्याची. वडील तलावावरून मरळ आणायचे ती जिवंतच. हा मासा वरची हवा घेतो, अंग ओलं राहिलं तर पाण्याबाहेरही बराच वेळ तगतो. बादलीवर परात आणि परातीवर वरवंटा ठेवावा लागे, नाहीतर स्वारी रात्रीतून अंगणात. आई चुलीतली राख चोळून तिचा बुळबुळीतपणा काढायची. पण धाकट्या भावाच्या वेळी तिचं पोट फाडावं लागलं, तेव्हा त्याच मरळीची एक फोड तिला कुणी दिली नाही. सव्वा महिना पातळ वरण आणि मऊ भात. किती खंगली होती! ते आठवलं की आजही जीव कळवळतो.

पू जंतूंमुळे होतो, माशामुळे नाही. जखम भरताना शरीर कोलॅजेन नावाचं प्रथिन विणतं. प्रथिनं अमिनो आम्लांच्या साखळीची बनतात, आणि कोलॅजेनमधलं जवळजवळ दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं. मरळीत ते भरपूर असतं. मलेशियात बाळंतपणानंतर आणि ऑपरेशननंतर ती देण्याची रीत जुनी आहे, आणि तिथल्या संशोधकांनी ती तपासूनही पाहिली. सिझेरियन झालेल्या बायकांना सहा आठवडे रोज 500 मिलिग्रॅम मरळीचा अर्क दिला. दुखणं काही कमी झालं नाही, व्रण मात्र दिसायला बरा झाला. अभ्यास छोटा होता, तेव्हा सुपाच्या भरवशावर दुखण्याच्या गोळ्या बंद करू नका. वरण, अंडी, दूधही चालू ठेवा. कोलॅजेनला क जीवनसत्त्व लागतं, म्हणून सुपात लिंबू जरूर पिळा. 'आंबट नको' म्हणणाऱ्यांचं या बाबतीत ऐकू नका.

तेल मात्र टाक्यांवर अजिबात नको. माझ्याकडे एक मुलगी आली होती, टाक्यांवर हळद-तेलाचा जाड थर. वरून सगळं सुकलेलं. कापसाने थर सोडवला तर खाली पू साचलेला. दोन टाके उघडावे लागले. ब्राझीलमध्ये भाजलेल्या जखमांवर तिलापिया माशाची कातडी लावतात हे खरं, पण ती आधी रसायनांनी धुऊन निर्जंतुक केलेली असते. घरच्या बाटलीचं तसं नाही.

टाके कोरडे ठेवा. ताप आला, भोवती लाली पसरली, वास किंवा पाणी येऊ लागलं, कडा उघडल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि बाटली परत करू नका, शेजारणीला वाईट वाटेल. टाके पूर्ण भरेपर्यंत फडताळात राहू द्या. तिच्याकडून सुपाची कृती तेवढी लिहून घ्या. नागपूरच्या बाजारातही मरळ मिळते.